कप्तान मीकरने हात मोजले त्याची गोष्ट

आमच्या कनेटिकटच्या गावात पाद्री नेमायचा असो की डुकरं मोकळी सोडायची असोत, हात वर करून मोजणी झाल्याशिवाय पान हलत नाही. पिंपं बनवणारा एसाहेल मीकर असाच हात मोजून गावच्या पथकाचा कप्तान झाला. बोलायचा सावकाश, आधी घसा खाकरून: "हं... तर मंडळी..."

इंग्लंडच्या राजाविरुद्धच्या लढाईचं ते चौथं वर्ष. एका सकाळी राजाच्या लालकोटवाल्या शिपायांनी आमचे गोठे लुटले आणि गुरं बोटींकडे हाकलली. त्यांत एसाहेलची बैलजोडी होती, बक आणि ब्राइट.

"अहो, दोघांनाही आणा," बायको थँकफुल दारातून ओरडली. "एका बैलावर नांगर चालत नाही! पेरणी आलीय तोंडावर!"

पथकाचे तेरा जण ओढ्याकाठच्या दगडी बांधाआड दडले. पलीकडून गुरं आणि वीसेक शिपाई चाललेले.

"गोळ्या झाडू या की!" जोथम लोहार कुजबुजला.

"हं... तर मंडळी... गुरांना लागली तर?"

"मत घ्या," चर्चचे कारभारी डीकन व्हीलर नाकातून म्हणाले. प्रार्थनाही ते नाकातूनच म्हणत. "रीत ती रीत."

"बरं. आत्ता झाडा म्हणणारे?"

बांधावर हात उभे राहिले. सात की आठ? नीट मोजायला एसाहेल चक्क उठून उभा राहिला.

पलीकडून धडाधड बार झाले. डीकनची हॅट उडाली. "अहो, मोजणी चालू आहे!" ते शिपायांवरच ओरडले. मग आमच्याही बंदुका वाजल्या, गुरं बिथरली. ब्राइट ओढा ओलांडून आला, जोथमचा एक बैलही आला. एसाहेल कमरेएवढ्या पाण्यात बकला हाका मारत राहिला. बकने वळून पाहिलं, पण शिपायांनी संगिनी टोचून त्याला पुढे पिटाळलं.

घरी थँकफुलने दावणीकडे पाहिलं. एकच बैल.

"मी उभा राहिलो गं," एसाहेल म्हणाला.

तिने बकचं रिकामं दावं गुंडाळून खुंटीला अडकवलं. मग म्हणाली, "मोजणी तरी पुरी झाली का?"

"आठ होते."

"मग बहुमत होतं की हो!" असं म्हणून ती हसली, आणि हसता हसता रडायला लागली.

ब्राइटशेजारी जोथमचा बैल जुंपायचं ठरलं. पण दोघेही जन्मभर डाव्या बाजूला चाललेले. उजवीकडे जायला कुणी तयार होईना. आठवडाभर एसाहेल जू धरून ब्राइटच्या कानाशी गोड बोलत उलटा चालला. नांगराच्या रेघा सापासारख्या गेल्या. मका उशिरा पेरला, पण पेरला.