पाहुण्यांची शाळा

आमच्या शाळेच्या भिंतींना जेवढा रंग लागलाय, तेवढा अख्ख्या पौड गावाला लागला नसेल. दोन खोल्या, दोन शिक्षक, माले गावाच्या पुढे आत वळलं की दिसणारी जिल्हा परिषदेची शाळा. पहिल्या कंपनीच्या लोकांनी भिंतीवर हत्ती काढला, दुसऱ्यांनी हत्तीवर जिराफ, तिसऱ्यांनी जिराफावर सूर्यमाला. थरावर थर चढून वर्ग चारी बाजूंनी वीतभर आत आला आणि पहिल्या रांगेतली मुलं फळ्याला नाक लावून बसू लागली. पटांगणातल्या एकाच खड्ड्यात आजवर सतरा आंबे लावले गेले. साबणाने हात कसे धुवावेत हे मुलांना इतक्यांदा शिकवून झालं की एखाद्या ज्योतिषाने त्यांचे हात पाहिले तर त्याला एक रेष सापडायची नाही. रेषांचं मी जरा वाढवून सांगतोय. खड्ड्याचं नाही.

हे पाहुणे यायचे आयटी पार्कातून, शनिवारी, सुट्टीच्या दिवशी, एकसारखे टीशर्ट घालून. माणसं वाईट नव्हती हो, हाच तर वैताग. वाईट असती तर हाकलता आली असती. हसतमुख, घामाघूम होऊन रंग देणारी, पोरांना बिस्किटं वाटणारी माणसं. पण शनिवारी पाहुणे म्हणजे शुक्रवारी स्वागतगीताची तालीम, गुरुवारी सफाई, सोमवारी मोठ्या बाईंचं वरच्या कार्यालयाला फोटो पाठवणं आणि मंगळवारी "फोटोत बॅनर नीट दिसत नाही, पुन्हा पाठवा" असा निरोप. उरला बुधवार. आमच्या शाळेत शिक्षण बुधवारी व्हायचं, तेही त्या दिवशी नळाला पाणी आलं नाही तर. आलं की मी टाकी भरायला.

त्या वर्षी गणपती उठले आणि चौथीतल्या एका मुलीचा बाप शाळेच्या पायरीशी येऊन उभा राहिला. मेंढपाळ माणूस. पावसाळाभर गावाबाहेरच्या माळावर बिऱ्हाड असायचं आणि दसरा झाला की मेंढरं, घोडं, बायकापोरं घेऊन घाट उतरून कोकणात. पोरगी दर वर्षी जायची आणि जूनमध्ये निम्मं विसरून यायची. एकटं अक्षर तिला वाचता यायचं, पण जोडाक्षर आलं की ओढ्यापाशी मेंढरू थबकावं तशी थबकायची. मागून कितीही ढकला, पाय घालायची नाही.

बापाने बंडीच्या खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत घडी केलेला कागद काढला. जनावरांच्या दवाखान्यात मिळालेला, जंताच्या औषधाचा.

"गुरुजी, औंदा तिची आत्या म्हनतीया, पोरीला माज्याकडं ठिवा, शाळा बुडू देऊ नका. म्या म्हनलं ठिवतो. पर दसऱ्याला ह्यो कागूद तिनं वाचून दावायचा. न्हाई आलं तर मेंढरामागं."

"कागदाने काय होतंय?" मी म्हणालो.

"गेल्या साली कुनाला वाचता आला न्हाई. दुकानदार म्हनला दे पाजून, म्या पाजलं. चार मेंढ्या गाभडल्या, पोटातली कोकरं गेली." एवढं बोलून त्याने कागद पुन्हा पिशवीत घातला.

दसऱ्याला तीन आठवडे होते. म्हणजे आमच्या हिशोबाने तीन बुधवार.

पहिल्या बुधवारी पाणी आलं. दुसऱ्या बुधवारी शनिवारच्या पाहुण्यांमधल्या दोघी आधी जागा बघायला आल्या. त्यातली एक वर्गात शिरली, मुलांवरून नजर फिरवली आणि बरोबर त्या पोरीवर बोट ठेवून म्हणाली, "सर, ही! हिचे डोळे बघा ना, किती एक्स्प्रेसिव्ह! फुलं हीच देईल. आणि तो काळा ब्लँकेट असतो ना, तो घालेल का ही?"

"घोंगडं," मी म्हणालो.

"हां, तेच! ऑथेंटिक वाटेल."

त्या दिवशी पोरगी जोडाक्षरं शिकायची ती घोंगडं पांघरून वाकायला शिकली. भादव्याच्या उन्हात! तीनदा वाकून झाल्यावर तिने मला विचारलं, "गुरुजी, आणि किती येळा?" माझ्या टाळक्यात असा जाळ उठला की वर धरलेली भाकरी भाजली असती. पण मोठ्या बाई दारात उभ्या होत्या. त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती आणि दोन वर्षं त्यांना कुणाशीही वाकडं घ्यायचं नव्हतं. मी गिळलं.

गिळलं, पण पचलं नाही. संध्याकाळी त्याच पाहुणीचा फोन आला. "सर, शनिवारी आम्ही पन्नास जण येतोय हं! आणि पुढच्या आठवड्यात रोज एक ग्रुप."

मी आयुष्यात पुष्कळ थापा मारल्यात. बिबट्याने माझ्याकडे लिफ्ट मागितली होती, ही त्यातली बऱ्यापैकी. पण त्या संध्याकाळची थाप सगळ्यात सुबक होती. मी आवाज पाडून म्हणालो, "या की मॅडम, अवश्य या. फक्त जरा... शाळेत डोळे आलेत."

"म्हणजे?"

"लालभडक. सगळ्यांचे. माझेसुद्धा. तुमच्याशी फोनवर बोलतोय, तरी मला काळजी वाटतीय तुमची."

"अगंबाई! मग आपण पुढे ढकलूया ना, सर!"

फोन ठेवून मी पिरंगुटच्या चौकात एकट्याने अख्खी मिसळ खाल्ली, वर जादा पाव. दीड आठवडा मोकळा! पन्नास जोडाक्षरं, रोज पाच, हिशोबसुद्धा मांडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मोठ्या बाईंच्या हातात कागद होता. पाहुणीने काळजीपोटी कंपनीत सांगितलं, कंपनीने वरच्या कार्यालयाला कळवलं आणि कार्यालयाने आयुष्यात पहिल्यांदा त्याच दिवशी काम केलं. साथ असल्यामुळे शाळा पाच दिवस बंद.

"तुमच्या जिभेला हाड नाही ते नाहीच," बाई म्हणाल्या, "निदान लगाम तरी घाला हो सर!"

"बाई, आरोग्य केंद्राच्या आशाताईंना बोलवा. एकाचाही डोळा लाल नाही."

आशाताई आल्या, एकेका पोराची पापणी ओढून बघितली आणि म्हणाल्या, "सगळी ठणठणीत हायेत. लाल निस्तं तुमचंच दिसत्यात, गुरुजी." ते रागाने झाले होते. पण शाळा बंद करायचा आदेश द्यायला एक साहेब होता, उघडायचा आदेश द्यायला कुणीच नव्हतं. शाळेला कुलूप लागलं. पोरांचे चांगले डोळे घरी, माझं शहाणपण माझ्यापाशी.

मला मग दुसरा रस्ताच उरला नाही. रोज मोटारसायकल काढायची आणि माळावर बिऱ्हाडाशी जायचं. मेंढ्यांभोवती लावलेली जाळी, वाघर म्हणतात तिला, तिच्या खुंटाशी मी बसायचो, समोर ती, भोवती दोन कुत्री आणि करडाकोकरांचा गोंधळ. पाटी नव्हती, माती होती. आणि काय सांगू, सगळी जोडाक्षरं तिथेच चरत होती! पिल्लू. कुत्रं. कोल्हा. बिबट्या. मी काठीने मातीत लिहायचो, ती बोटाने गिरवायची, मेंढरू त्यावरून चालत जायचं, की पुन्हा लिहायचं. मध्येच तिची आई चूल सोडून मागे येऊन उभी राहायची. एकदा म्हणाली, "गुरुजी, ह्ये 'कोल्हा' लिवल्यावर असं दिसतंय व्हय? म्या तर निस्ता शेपटीवरनं वळखते."

मला पाहुणे आठवले नाहीत, फोटो आठवले नाहीत. चौथ्या दिवशी पोरगी जोडाक्षरांच्या ओढ्यात पाय घालून सरळ पलीकडे गेली. मी माळावर इतक्या मोठ्याने ओरडलो की मुळशीच्या धरणावर लाट उठली असणार.

पाचव्या दिवशी बापाने कागद काढला. स्वतः उकिडवा बसला, तिला उभं केलं. तिने बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. वजन, माप, किती पाजायचं. दोनदा अडखळली, दोनदा आपली आपणच सावरली. मग एक ओळ आली. "गाभण मेंढ्यांना पहिल्या महिन्यात हे औषध देऊ नये."

"परत वाच," बाप म्हणाला.

तिने परत वाचलं. त्याने वाघरीकडे बघत चार बोटं मोजली.

"झालं!" मी मांडीवर थाप मारली. "शब्द पाळा आता. पोरगी आत्याकडे."

"गुरुजी, ही वाचाया कुटं शिकली?"

"कुटं म्हणजे? हितंच की. तुमच्यासमोर."

"आन् शाळा?"

"बंद होती ना."

"चार वरसं चालू व्हती, तवा?"

मी तोंड उघडलं. माझं तोंड उघडलं की काहीतरी बाहेर पडतंच, अशी तालुक्यात ख्याती आहे. त्या दिवशी मी ते मिटलं आणि काठीने मातीतला 'कोल्हा' पुन्हा गिरवू लागलो.

"माजं चुकत आसंल तर सांगा," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, त्यानेच जास्त लागलं. "शाळा चालू आसती तवा पोर वाकून फुलं देतीया. बंद झाली की पाच दिसांत वाचतीया. मंग शाळंत कशापायी ठिवू? त्यापरीस ऱ्हाऊ दे संगं. कागूद वाचाया मानूस लागतंय आमाला."

मी भडकलो. खूप बोललो. पाचवी, सहावी, पुढचं आयुष्य, सगळं बोललो. हात जोडले. आत्याला बोलावून आणलं, तीही भांडली. तो ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "तुमी मानूस चांगलं हाय, गुरुजी. पर तुमाला शाळंत येळ कुटं हाय?"

मी अजूनही त्याच्यावर रागावतो. रात्री नाही, दिवसाच, फळ्यासमोर उभा असताना. त्याचं चुकलं असं सिद्ध करायला मला एकच दाखवायचं होतं, की आमच्या शाळेत शाळा भरते. ते एवढं मला दाखवता आलं नाही.

शाळा उघडली, दसरा झाला आणि पुढे ढकललेले पाहुणे पन्नासाचे साठ होऊन आले. गेटवर बॅनर, स्वागतगीत, फुलं द्यायला दुसरी मुलगी, अंगावर तेच घोंगडं. तेवढ्यात रस्त्याने मेंढरं आली. पुढे घोडं, त्याच्या पाठीवर संसार, मागे धूळ, आणि कळपाच्या कडेने काठी घेऊन ती. पाहुणे "वॉव" करत धावले. एक मॅडम चक्क रस्त्यात गुडघ्यावर बसल्या. "स्माईल, बेटा!" पोरीने त्यांच्याकडे पाहिलं नाही. ती मान वर करून गेटवरचा बॅनर वाचत होती, ओठ हलवत, एकेक शब्द, अजिबात न अडखळता. वाचून झाल्यावर तिने माझ्याकडे पाहिलं.

मी रस्त्यावर उतरलो. तिच्या बापापाशी गेलो. पुन्हा एकदा सांगावं म्हणून शब्द जुळवत होतो, तेवढ्यात मागून मोठ्या बाईंची हाक आली, "सर! हार कुठे ठेवलेत?"

बापाने घोड्याचा कासरा ओढला. "जावा गुरुजी," तो म्हणाला, "पाव्हणं खोळंबल्यात."

आणि मी गेलो.