भुंगा नावाची पेटी

तापलेल्या राळेचा वास माझ्या संसाराच्या पहिल्या वर्षांना चिकटून बसला आहे. बाकीच्या बायकांना नवेपणाच्या दिवसांतला मोगरा आठवत असेल, ओली हळद आठवत असेल. मला आठवतो तो बोईसरच्या कामगार वसाहतीतल्या आमच्या दोन खोल्यांत संध्याकाळी पसरणारा, कथलाच्या डागाबरोबर उठणारा निळसर धूर, आणि त्यातला तो धुपासारखा पण किंचित कडवट गंध. वारा तारापूरच्या बाजूने फिरला की कारखान्यांचा आंबूस दर्प खिडकीतून आत येई. त्या दोन वासांच्या मधोमध, जमिनीवर वर्तमानपत्र पसरून, माझा नवरा शरद मांडी घालून बसलेला असे. त्याच्या चष्म्याच्या काचेवर दिव्याचा एक पिवळा ठिपका थरथरत असे आणि मी हाक मारली तरी तो ठिपका वर उठत नसे.

शरद एका रसायनांच्या कारखान्यात तंत्रज्ञ होता. दिवसभर तो दाब आणि तापमान दाखवणाऱ्या काट्यांच्या सहवासात असे. घरी येऊन तो जे यंत्र बांधत होता, त्याला मात्र काहीच मोजायचं नव्हतं. ते गाणार होतं. सिंथेसायझर हा शब्द मी पहिल्यांदा त्याच्याच तोंडून ऐकला. ज्यात तार नाही, भाता नाही, कातडं नाही, केवळ विजेच्या स्पंदनातून सूर जन्मतो, असं वाद्य. परदेशी बनावटीची तसली वाद्यं आमच्या आवाक्यातली नव्हती, म्हणून त्याने भाता फाटलेल्या एका हार्मोनियमच्या पट्ट्या सोडवून घेतल्या, कारखान्याने मोडीत काढलेल्या पॅनेलवरची काळी गोल बटणं परवानगीने घरी आणली आणि सागवानी फळ्यांची एक पेटी करून त्यात आपलं ते तारांचं जाळं विणायला घेतलं.

या उद्योगात त्याचा भागीदार होता दामू तांडेल. दामू त्याच कारखान्यात बॉयलरवर होता आणि राहायला दांडीला, समुद्राच्या कुशीतल्या घरात. त्याचे वडील, चुलते सगळे होडीवर जाणारे. हा एकटाच कारखान्यात आलेला. गावच्या भजनात तो हार्मोनियम वाजवी आणि त्याचा कान असा तयार होता की स्टोव्हवरच्या आधणाचाही स्वर सांगे. यंत्र शरदच्या हातांनी घडत होतं, पण ते ऐकायचं दामूच्या कानांनी. दोन वर्षांच्या खटपटीनंतर एका रविवारी दुपारी त्या पेटीतून पहिल्यांदा आवाज निघाला, एक जाडसर, सलग घोंघावणं. दामू पोट धरून हसला. "शरद, ह्यो तर भुंगा हाय रं," तो म्हणाला, आणि तेच नाव पडलं.

पुढे त्या भुंग्याला कंठ फुटला. तो तापेपर्यंत त्याचा सूर स्थिर राहत नसे, दमट हवेत तर हळूहळू खालीच घसरत जाई. म्हणून दामू उजव्या हाताने वाजवताना डावा हात एका बटणावर ठेवून, सूर ढळतो न ढळतो तोच त्याला सावरून घेई. मी स्वयंपाकघरातून बघत असे. त्या दोघांच्या माना एकाच वेळी एकाच बाजूला कलत. मला संगीतातलं फारसं कळत नव्हतं, पण त्या कलण्यात मला जागा नाही, हे कळत होतं. आज वयाची साठी उलटल्यावर या भावनेला मत्सर म्हणताना मला संकोच वाटत नाही. तेव्हा मात्र मी तिला पसारा, धूळ, मुलीचा अभ्यास अशी निरनिराळी नावं दिली होती.

मुलगी दहावीला असताना आम्ही पालघरला स्वतःच्या घरात राहायला गेलो. सामान हलवण्याच्या आदल्या दिवशी शरद पाळीवर होता, मी एकटी बांधाबांध करत होते, आणि भंगारवाला दारात आला. जुने डबे, मोडकी खुर्ची, रद्दी असं देता देता माझी नजर कोपऱ्यातल्या पेटीवर गेली. नव्या घरात ती कुठे ठेवायची, यावरून सकाळीच आमची कुरबूर झाली होती. मी म्हणाले, "हीसुद्धा घेऊन जा." त्या माणसाने ती खांद्यावर घेतली तेव्हा आतून काहीतरी किणकिणलं. मी दार लावून घेतलं.

सामान न्यायला दामूने आपल्या धाकट्या भावाचा, काशिनाथचा टेंपो दिला होता. एरवी तो मासळी वाहायचा. आमच्यासाठी धुऊन, पुसून आणला होता. पालघरला सामान उतरल्यावर शरद खोक्यांमधून फिरत राहिला आणि मग त्याने मला विचारलं. मी खरं सांगायला तोंड उघडलं होतं, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला बजावत आले. प्रत्यक्षात जे बाहेर पडलं ते इतकंच होतं: "टेंपोत चढवली होती बहुतेक."

आयुष्यभर मी शाळेत मराठी शिकवलं. शब्द काय करू शकतात, हे मुलांना सांगताना माझा आवाज कधी कापला नाही. पण त्या 'बहुतेक'ने जे केलं ते मी कोणत्याही वर्गात सांगू शकले नसते. शरदने बोईसरच्या बाजारात, चार माणसांदेखत, काशिनाथला विचारलं, "पेटी कुठे उतरवलीस?" काशिनाथ म्हणाला, "मी नाय नेली, भाऊ." शरदने त्याला चोर म्हटलं नाही. पण लोकांना तो शब्द उच्चारून दाखवावा लागत नाही. त्याच्या टेंपोत माल चढवताना माणसं थांबून बघू लागली. दामूने शरदशी बोलणं टाकलं. एकाच कारखान्यात, एकाच फाटकातून ये-जा करत ते दोघे निवृत्तीपर्यंत परक्यासारखे वावरले. शरदने पुन्हा कधी डाग द्यायची कांडी हातात घेतली नाही. घर स्वच्छ राहिलं, हवं होतं तसं. आणि त्या स्वच्छतेत मी वीस वर्षांहून अधिक काळ गप्प राहिले.

गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. उमरोळीहून हेमंत नावाच्या गृहस्थांचा फोन आला. ते शाळेच्या प्रयोगशाळेत साहाय्यक आहेत आणि जुनी इलेक्ट्रॉनिक वाद्यं जमवून दुरुस्त करण्याचा त्यांना नाद आहे. बोईसरच्या एका गोदामात, मोडीच्या ढिगाऱ्याखाली त्यांना एक सागवानी पेटी सापडली होती. झाकणाच्या आत शाईने लिहिलं होतं: 'सर्किट – शरद राऊत. सूर – दामोदर तांडेल, दांडी.' कारखान्यातल्या जुन्या माणसांकडे चौकशी करत ते आमच्यापर्यंत पोहोचले होते. "काकू, हे कुणी बाजारातून आणलेलं नाही, हाताने केलंय," ते सांगत होते आणि त्यांच्या स्वरात एखादी मूर्ती सापडल्याचा आनंद होता. शरद आत झोपला होता. मी त्याला उठवलं नाही. दुसऱ्या दिवशी भाजी आणायला म्हणून निघाले आणि रिक्षाने थेट उमरोळी गाठली.

भात कापून झालेल्या शेतांवर कोवळं ऊन पसरलं होतं आणि पेंढ्याचा कोरडा, गोडसर वास वाटभर सोबत होता. हेमंतच्या घरामागच्या खोलीत मांडण्यांवर जुनी वाद्यं ओळीने ठेवली होती, काहींच्या पट्ट्या दातांसारख्या पडलेल्या, काहींची पोटं उघडलेली. बोईसरला कारखान्यात काम करणारे मिश्राजी नावाचे त्यांचे मित्र टेबलाशी बसून भुंग्याच्या अंतर्भागात डोकावत होते. "ट्रान्सफॉर्मर जल गया है, बाकी सब ठीक है," ते मान वर न करता म्हणाले. "जिसने भी बनाया है, बड़े सबर से बनाया है." मी आत पाहिलं. तारा रंगांप्रमाणे लावलेल्या, प्रत्येक वळण सारखं, प्रत्येक डाग मोत्याएवढा. इतक्या वर्षांत मी ही पेटी एकदाही उघडून पाहिली नव्हती. मी जे फेकून दिलं ते काय होतं, ते मला पहिल्यांदा त्या परक्या खोलीत दिसलं.

त्याच संध्याकाळी मी शरदला सांगितलं, सगळं, भंगारवाल्यापासून 'बहुतेक'पर्यंत. तो रागावेल अशी मी तयारी केली होती. तो रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. तो बराच वेळ गॅलरीत उभा राहिला. आत आला तेव्हा म्हणाला, "काशिनाथ तीन वर्षांपूर्वी गेला. मी मयताला गेलो नव्हतो." मग पाण्याचा पेला खाली ठेवत म्हणाला, "उद्या दांडीला जाऊ."

दामूच्या अंगणासमोर बांबूंच्या वलांडीवर, आडव्या बांधलेल्या काठ्यांवर, बोंबील वाळत होते आणि त्यांच्या रुपेरी रांगांमधून समुद्र तुकड्यातुकड्यांनी दिसत होता. दामू पायरीवर बसला होता. केस पूर्ण पांढरे. त्याने आम्हाला पाहिलं आणि नुसती मान हलवली. "बसा, वयनी." शरद बोलायला लागला, पण मी त्याला थांबवलं. हे माझंच काम होतं. मी सांगत असताना दामू वाळूकडे बघत होता. माझं संपल्यावर तो म्हणाला, "मी आता हे आयकून काय करू? ज्यानं आयकाला पायजे होतं, तो नाय." त्यात कडवटपणा नव्हता, म्हणून ते अधिक लागलं. मग त्याने शेजारच्या घराकडे बोट केलं. "यमुना आत हाय. तिला सांगा."

यमुना काशिनाथची बायको. पाटीतली मासळी निवडता निवडता तिने माझं बोलणं ऐकलं, हात थांबवले नाहीत. मी क्षमा मागितली. तो शब्द त्या अंगणात फार पुस्तकी वाटला, पण माझ्याकडे दुसरा नव्हता. आम्ही निघालो तेव्हा मागून तिचा आवाज आला. "ती पेटी कुठं हाय?" मी वळले. "ज्या पेटीपायी त्याच्या टेंपोकडे माणसं तसं बघत व्हती, ती मला बघायची हाय."

ट्रान्सफॉर्मर बदलायला पंधरा दिवस लागले. त्या काळात शरद रोज उमरोळीला जात होता. मिश्राजी आणि तो, दोघेही चष्मे कपाळावर चढवून, कसल्याशा एका तारेवरून तासन्‌तास वाद घालत, आणि त्या वादात त्याचा आवाज मला पुन्हा तिशीतला वाटे. मी तिथे एका कोपऱ्यात बसून राही. कुणी मला जा म्हटलं नाही. जुनी यंत्रं जपणाऱ्या या माणसांकडे एक विलक्षण सबुरी असते: कोणी मोडलं, का मोडलं, हे ते विचारत नाहीत, कुठे तुटलंय तेवढं शोधत राहतात. माणसांच्या बाबतीत तसं करता येत नाही, हे मला दांडीला कळून चुकलं होतं.

ठरलेल्या रविवारी दुपारी दामू यमुनेला घेऊन आला. तिने नवी साडी नेसली होती, केस नीट चोपून बांधले होते, जणू एखाद्या घरी कार्याला आली होती. हेमंतने तिला पेटीसमोर खुर्ची दिली. ती बसली नाही. उभ्यानेच तिने पेटीच्या कडेवरून हात फिरवला, मग एक पांढरी पट्टी दाबली. खोलीत एक जाड, उबदार सूर उमटला. ती दचकली नाही. कान देऊन ऐकत राहिली.

"एवढंच वाजतं?" तिने विचारलं.

"एवढंच," शरद म्हणाला.

"त्यानं कधी आयकलं नव्हतं," ती म्हणाली. "मला इचारायचा. जिच्यापायी माज्यावर आळ आला, ती पेटी वाजत कशी असंल गं, म्हणायचा."

बाहेर कुठेतरी मळणीचं यंत्र चालू होतं, ते थांबलं. यमुनेचं बोट पट्टीवर तसंच होतं आणि सूर हळूहळू खाली घसरू लागला. दामू पुढे झाला. इतकी वर्षं लोटली होती, पण त्याला बटण शोधावं लागलं नाही. त्याने ते जरासं फिरवलं, सूर वर आला, आपल्या जागी बसला. शरद त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला. यमुनेने मन भरेपर्यंत ती पट्टी दाबून धरली आणि मग हात काढून घेतला.

चहा झाला. रिक्षा आली. यमुना आत बसली, पदर सावरला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "येते, वयनी."

आपल्याकडे निघणारा माणूस जातो म्हणत नाही, येतो म्हणतो. हे मी कित्येक पिढ्यांच्या मुलांना समजावून सांगितलं आहे. त्यामागचा भाव, त्यातलं सौजन्य, सगळं. पण ती रिक्षा वळणाआड गेल्यावर मी रस्त्यावर उभी होते आणि मला काही केल्या कळेना, यमुना ते केवळ रिवाज म्हणून बोलली, की ती खरंच पुन्हा येणार होती.