दुर्गाबाईंचा आमदार

उरणजवळच्या मोरा बंदराच्या धक्क्यावर माझ्या सासूबाईंच्या, दुर्गाबाईंच्या आवाजाचा दरारा होता. त्यांनी हाक मारली की लांबच्या होडीतला माणूससुद्धा वळून बघायचा. शेजारच्या तांडेलांची बायको बाळंतपणात गेली, तेव्हा तिचं तान्हं पोर त्यांनी उचलून घरी आणलं आणि आपल्या किसनबरोबर वाढवलं. तो नामा. किसन, म्हणजे माझा नवरा, आणि तो एका ताटात जेवून मोठे झाले.

नव्वद साली नामा आमदारकीला उभा राहिला. प्रचाराला जीप नव्हती. सासूबाई मासळीची पाटी घेऊन उरणच्या गल्ल्या फिरायच्या आणि गिऱ्हाइकाला सांगायच्या, "मासा नाय आवडला तर परत आन, पन मत नाम्याला दे." नामा निवडून आला.

बंदरालगत एका कंपनीला जेट्टी बांधायची होती. ती झाली असती तर कोळ्यांची होड्या लावायची जागा गेली असती. नामा विधानसभेत या विषयावर तुटून पडायचा. पक्ष लहान, जेमतेम आठ आमदारांचा, पण बोलणारा हाच. दुसऱ्यांदा निवडून आल्यावर पक्षानं त्याला सभागृहातला गटनेता केलं. पेपरात त्याचा फोटो आला की किसन तो कापून भिंतीला चिकटवायचा.

सत्त्याण्णवच्या अधिवेशनात जेट्टीवर चर्चा होणार होती. सासूबाईंना नामाचं भाषण एकदा कानांनी ऐकायचं होतं. त्यानं हौसेनं पास आधीच पाठवले होते. लाँचनं भाऊच्या धक्क्याला उतरून आम्ही दोघी विधान भवनात गेलो. सासूबाई लग्नाकार्यातलं हिरवं लुगडं नेसल्या होत्या. गॅलरीत बसल्यावर त्यांनी मला विचारलं, "नाम्या कनच्या अंगाला बसतो गं?" मी विरोधी पक्षाचे बाक दाखवले. त्याची जागा रिकामी होती.

थोड्या वेळानं नामा आला. सोबत त्याच्या पक्षाचे दोन आमदार होते. तिघं सरळ पलीकडे गेले आणि मंत्र्यांच्या मागच्या रांगेत बसले. मला वाटलं, काही विचारायला गेले असतील. तेवढ्यात अध्यक्षांनी त्याचं नाव पुकारलं आणि तो तिथूनच उभा राहिला.

"अध्यक्ष महाराज, आमच्या गटानं सरकारला पाठिंबा द्यायचा निर्णय घेतला आहे. ही जेट्टी माझ्या मतदारसंघाच्या हिताची आहे..."

विरोधकांत एकच गदारोळ उठला. सासूबाईंना त्या गोंधळात काही ऐकू आलं नव्हतं. पोर भलत्या जागी बसलंय, एवढंच त्यांना दिसत होतं. त्या उठून उभ्या राहिल्या आणि धक्क्यावरच्या आवाजात ओरडल्या, "अरं नाम्या, ती आपली बाजू नाय! हकडं ये, हकडं!"

सभागृह क्षणभर चिडीचूप झालं. मग हशा पिकला. नामानं वर पाहिलं आणि मान खाली घातली. दोन शिपायांनी आम्हाला बाहेर काढलं.

चर्चा संपल्यावर तो आम्हाला शोधत आला. घामाघूम झाला होता.

"मावशे, लोकं हसली मला."

"तू त्या अंगाला कशाला बसलास?"

"पक्ष फुटला. आठातले तिघं आलो, तिसरा हिस्सा फुटला की कायद्यात बसतं ते. आता राज्यमंत्री होनार मी."

"नि जेट्टी?"

"ती तशीपन होनारच व्हती. आता निदान पोरांना नोकऱ्या तरी लागतील."

मला वाटलं, आता या त्याच्या थोबाडीत देतील. सासूबाई म्हणाल्या, "जेवलास का?" त्यानं नाही म्हटलं. त्या वळल्या आणि चालू लागल्या.

जेट्टी झाली. होड्या चिखलाच्या बाजूला गेल्या, गुडघाभर रुतत बायका पाट्या आणू लागल्या. किसन जेट्टीवर वॉचमन लागला. नव्व्याण्णवच्या निवडणुकीत सासूबाई कुणाच्याच प्रचाराला घराबाहेर पडल्या नाहीत. "मोऱ्यातनं नाम्याला येक मत पडायचं नाय," एवढंच म्हणाल्या आणि निर्धास्त राहिल्या.

निकालाच्या दिवशी किसन घरी आला तो कपाळभर गुलाल घेऊन.

"ह्ये काय रं?"

"नाम्या आला निवडून, आय. आपल्या मोऱ्यानं भरभरून मतं दिली."

"तू पन?"

"घर चालतंय आपलं त्याच्यावर."

सासूबाई खाली बसल्या. तोंडावरून वारं गेल्यासारख्या दिसत होत्या. त्यांनी मला विचारलं, "मंग ईरोधात मी येकलीच व्हते?"

मी किसनच्या आंघोळीचं पाणी तापवायला उठले.

दोन दिवसांनी नामा पेढे घेऊन आला. सोबतच्या माणसांना त्यानं रस्त्यावरच थांबवलं होतं. सासूबाईंनी पुडा घेऊन माझ्या हातात दिला, त्याला बसायला पाट दिला. "मावशे, शिव्या तरी दे," तो म्हणाला. त्यांनी दिल्या नाहीत. बाहेर गाडीचा हॉर्न दोनदा वाजला, तरी तो उठेना.