आबांचा चेहरा आणि काळंपांढरं मशीन

लिहायला बसलोय याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजला गेलेलं नाही, आणि मीही अजून बी.ए.च्या दुसऱ्या वर्षालाच आहे. छपाईतलं मला काही कळत नाही. कळत नाही हेच सांगायचं आहे, आणि ते सांगताना राग आवरत नाही, तेवढं सांभाळून घ्या.

आमच्या कॉलेजात फोटोंचं प्रदर्शन लागणार होतं. घरातल्या कुणाचा तरी चेहरा, काळापांढरा, पानभर छापून आणायचा. मी आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, फोटो मोबाइलवर काढला. आबा मेंढ्या राखतात. तेव्हा तेलगावकडच्या एका शेतात खतासाठी मेंढ्या बसवल्या होत्या. उन्हानं रापलेला काळा चेहरा, कपाळावर तीन आठ्या, खांद्यावर घोंगडं. आबा माझ्या कॉलेजात कधीच आले नव्हते. "माझं थोबाड भिंतीला लावणार आसतील तर येतो," म्हणाले. प्रदर्शनाच्या दिवशी मेंढ्या चुलत्यांकडे द्यायचंही ठरवून टाकलं.

बीडच्या एका स्टुडिओत फोटो छापायला दिला. दुसऱ्या दिवशी हातात आला तो कुणी गोरा माणूस होता. आठ्या पुसलेल्या, गाल गुळगुळीत.

"हे काय केलं?"

"साफ केला की. बापाला एवढा काळा लावतो का कुणी भिंतीला? लोक नावं ठेवतील लेका."

"ते काळेच आहेत."

"म्हणून तर साफ केला," तो म्हणाला आणि शेजारच्या गिऱ्हाइकाकडे बघून हसला.

दुसऱ्या स्टुडिओतही तेच. ज्या माणसानं जन्मभर ऊन अंगावर घेतलं, त्याचं ऊनच हे लोक पुसून टाकतात, वर उपकार केल्यासारखं बोलतात. तेव्हाच ठरवलं, आता घरी छापायचं. शिष्यवृत्ती नुकतीच जमा झाली होती, त्यात स्वस्तातला एखादा प्रिंटर बसत होता. शेतात आबांसमोर बसून मी दुकानदाराला विचारायचे चार प्रश्न वहीत लिहून काढले.

दुकानात मी तोंड उघडायच्या आत आबाच बोलले. "शेठ, पोरगं कालेजात हाय. त्याला समदं कळतं. तुमी फकस्त दावा."

वही पिशवीतच राहिली. गावात माझी रोज हीच गत असते. कुणाचा मोबाइल अडला, कुणाचा फॉर्म भरायचाय, विहिरीवरची मोटार चालू होईना, सगळं माझ्याकडे येतं. मी माहीत नाही म्हणालो की आबांचं तोंड उतरतं. म्हणून मला मान हलवायची सवय लागली आहे.

"कलर पाहिजे का काळंपांढरं?" दुकानदारानं विचारलं.

"काळंपांढरं."

"मग हे लेझर घ्या. कलर शाईत पैसे कशाला घालता?"

मला पटलं. काळापांढरा फोटो, काळंपांढरं मशीन. फोटो छापायचाय हे मी बोललोच नाही.

"बघा मामा, पोरानं एका मिनिटात निवडलं," दुकानदार म्हणाला. आबांनी खोकं खांद्यावर घेतलं, मला हात लावू दिला नाही.

घरी पहिला कागद निघाला. चेहऱ्याच्या जागी काळा डाग, त्यात दोन डोळे आणि मिशा. जिथं उजेड होता तिथं नुसते ठिपके, झेरॉक्स काढलेल्या आधार कार्डासारखे. मशीनसोबत आणलेल्या फोटोच्या जाड कागदाच्या पाकिटावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं, लेझर मशीनमध्ये घालू नये. मग मी मोबाइलवर वाचलं, जे आधी वाचायला हवं होतं. काळ्यापांढऱ्या फोटोत निव्वळ काळं थोडंच असतं, बाकी सगळा राखाडी रंग असतो. तो नीट उतरायला शाईचं मशीन लागतं, आणि तेही रंगीत शायांचं.

आबांनी कागद उन्हाकडे धरला. "हा मी हाय व्हय? आडवा धरला तर मेंढरू दिसंल."

मी ओरडलो. "तुमच्यामुळं झालं हे. कशाला सांगितलं त्याला, समदं कळतं म्हणून? मला काय कळतंय?"

 आबा कागदाची घडी खिशात घालून मेंढ्यांकडे निघून गेले.

मशीन घरीच ठेवून, ते बदलून देतील का विचारायला मी एकटा दुकानात गेलो. "खोकं फोडलंय तुमी. आन् फोटोचं बोललाच न्हाईत," दुकानदार म्हणाला. खरं होतं, म्हणूनच जास्त चीड आली. कशासाठी पाहिजे, एवढं विचारायला त्याचं काय जात होतं? पण हे त्याच्या तोंडावर म्हणालो नाही. तिथंही मान हलवली आणि कॉलेजजवळच्या माझ्या भाड्याच्या खोलीवर चालत आलो. वाटभर त्याला शिव्या दिल्या, स्टुडिओवाल्याला दिल्या, सगळ्यात जास्त स्वतःला दिल्या.

प्रदर्शनाला चार दिवस उरले होते. नाव काढून घ्यायला मी सरांकडे निघालो होतो, तेवढ्यात फोन आला. तोच दुकानदार.

"तुमचे वडील सकाळपासून हितं बसल्यात, मशीन घेऊन. येणाऱ्या-जाणाऱ्याला एक काळा कागद दावतायत. म्हणतात, माझ्या पोराला ह्यातलं काय बी कळत न्हाई, तुमी नीट सांगायला पायजे व्हतं. माझं गिऱ्हाईक थांबून ऐकतंय हो. शाईचं मशीन काढून ठेवलंय, वरचे थोडे पडतील. पण तुमी या आधी. पोरगं आल्याबिगर उठत न्हाई म्हणतात." मग फोन बाजूला धरून त्यानं कुणाला तरी विचारलं, "काय मामा?" आणि परत म्हणाला, "ती वही घेऊन या म्हणतात."