सोमवारची मॅच

लंडनमध्ये ईलिंगच्या लायब्ररीत मी हीटरपाशी बसायला जातो. मुलगा-सून कामाला जातात, बायको वारली, घरी बोलायला कुणी नाही. तिथं मुंबईचे एक म्हातारे ज्यू गृहस्थ येतात. त्यांचं मराठी माझ्यापेक्षा बरं. इथल्या एका कॉलेजच्या फुटबॉल टीमचा शंभराहून जास्त वर्षांपूर्वीचा एक सीझन ते जुन्या पेपरांच्या बाडातून वाचतात. आठवड्याला एकच मॅच. मॅच असायची शनिवारी, पण शनिवारी त्यांचा शब्बाथ, ज्यूंचा विश्रांतीचा पवित्र दिवस, म्हणून आमची सोमवारी. मला इंग्रजी वाचता येत नाही. ते मराठीत सांगतात आणि सांगताना गोलकीपरला शिव्या घालतात.

एकदा मी म्हणालो, "अहो, सगळे मरून गेले. पानं उलटा आणि निकाल बघा."

"तुम्हीच उलटा. मी तोवर बाहेर जाऊन येतो," ते म्हणाले. मी उलटली नाहीत.

कपाच्या शेवटच्या मॅचचा सोमवार आला, त्याच दिवशी बायकोचं वर्षश्राद्ध. मी गेलो नाही. पुढच्या सोमवारी म्हणालो, "बायकोचं वर्षश्राद्ध होतं. जिंकले का?"

"मॅच झालीच नाही. तुम्ही नव्हता."

मग त्यांनी पान उलटलं. टीम तीन गोलांनी हरली. या वेळी गोलकीपरला ते काही बोलले नाहीत. बाड मिटून त्यांनी विचारलं, "बाईंचं नाव काय होतं?"

आमच्याकडं नवरा चारचौघांत बायकोचं नाव घेत नाही. मी घेतलं.