सुपरवायझर मॅडम आणि त्यांचा हेल्पर

बघायला आले तेव्हा ह्यांनी मला स्वयंपाकाचं काही विचारलं नाही. "डिप्लोमा इलेक्ट्रिकलचाच हाय ना?" एवढंच विचारलं. मला वाटलं, शिकलेल्या मुलीची कदर आहे.

कदर होतीच. ह्यांनी पावणे औद्योगिक वसाहतीतल्या कितीतरी वर्कशॉपांचं वायरिंग केलं होतं, पण शाळा आठवीत सुटलेली. स्वतःच्या नावानं कामं घ्यायची तर सरकारचं कॉन्ट्रॅक्टरचं लायसन्स लागायचं, आणि त्यासाठी सुपरवायझरचं प्रमाणपत्र असलेलं माणूस पदरी हवं. लग्नानंतर ते माणूस घरातच आलं. नेरूळच्या दोन खोल्यांत मी पुस्तकं पुन्हा वाचली, परीक्षा दिली आणि सुपरवायझर झाले. तोवर मी घरातला फ्यूजसुद्धा कधी बांधला नव्हता. अर्जात मी सुपरवायझर आणि हे माझे हेल्पर.

लायसन्स देण्याआधी आमच्या वायरिंगच्या दुकानाची आणि मोजमापाच्या यंत्रांची तपासणी करायला एक इन्स्पेक्टर आले. सरळ ह्यांच्याकडे वळून म्हणाले, "सुपरवायझर साहेब कुठायत?"

"ह्या काय, बसल्यात," हे म्हणाले.

इन्स्पेक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मग दुकानाच्या आतल्या दाराकडे. आतून कुणी येत नाही हे पटल्यावर त्यांनी मला अर्थिंगचे प्रश्न विचारले. मी धडाधड उत्तरं दिली. पुस्तकातलं होतं सगळं.

"छान. आता रीडिंग घेऊन दाखवा."

दुकानाच्या मागं अर्थिंगचा खड्डा होता. अर्थिंग मोजायच्या टेस्टरच्या सळया तिथून लांब जमिनीत ठोकायच्या, वायरी जोडायच्या आणि हँडल फिरवायचं. जमीन भरावाची, नुसता मुरूम. मी हातोडी मारली तर सळई वाकडी झाली. दुसऱ्यांदा मारली तर माझ्या अंगठ्यावर बसली. हे पुढं सरसावले, तसे इन्स्पेक्टर म्हणाले, "तुम्ही नको. तुमच्याकडे परवाना नाही."

हे जागीच थांबले. मग हात मागं बांधून म्हणाले, "मॅडम, थोडं पानी वतू का?"

लग्नाला दोन वर्षं झाली होती. त्या दोन वर्षांत हाक म्हणजे "अगं". मॅडम म्हटलेलं ऐकून मला हसू फुटत होतं आणि अंगठा ठणकत होता. मी शक्य तितक्या गंभीरपणे म्हटलं, "हो, ओता."

ह्यांनी बादलीभर पाणी ओतलं. सळई आत गेली. मी हँडल फिरवू लागले, काटा थरथरत राहिला. "मॅडम, जरा जोरात आन् एकसारखं," हे जमिनीकडे बघत म्हणाले. काटा स्थिरावला. रीडिंग चांगलं आलं. येणारच, मीठ-कोळसा घालून तो खड्डा ह्यांनीच भरला होता.

"हेल्पर चांगला मिळालाय तुम्हाला," इन्स्पेक्टर सही करताना म्हणाले. "टिकवून ठेवा."

लायसन्स मिळालं. पण मला त्या दिवसाची लाज वाटली होती. पुढच्याच आठवड्यापासून मी ह्यांच्याबरोबर पावण्याला आणि तळोज्याला साइटवर जाऊ लागले. ठोकायला, जोडायला ह्यांनीच शिकवलं, आणि चुकलं की चारचौघांत ओरडायलाही कमी केलं नाही. कागदावर मात्र देखरेख माझीच.

काही वर्षांनी ह्यांनी अनुभवावर वायरमनच्या परवान्यासाठी अर्ज केला. त्याला सुपरवायझरचा दाखला लागायचा. मी ठरलेल्या नमुन्याप्रमाणे लिहिलं, की अर्जदार माझ्या हाताखाली काम करतात, त्यांचं काम समाधानकारक आहे.

ह्यांनी कागद दोनदा वाचला. "नुसतं समाधानकारक?"

"नमुन्यात तसंच आहे."

"मग वर्तनाचं काय लिवलंस?"

"तो रकाना नाही," मी म्हटलं आणि शिक्का मारला.

तोंडी परीक्षेत हे पास झाले. पेढे आधी स्वतःच्या आईला दिले, मग मला. वायरिंगमध्ये काही अडलं तर आजही मी ह्यांनाच विचारते. सही मात्र माझी लागते.