मागची रुंद चाकं

जानेवारीतला दुसरा रविवार, सकाळी दहा, बोईसर. हजर: मी, नवरा, त्याची मोठी बहीण, बेटेगावचे मिस्त्री आणि आमची जुनी स्पोर्ट्स कार.

चाकांची रुंदी, बोल्ट, टायर, सगळं मी यादी करून तपासलं होतं. मागची रुंद चाकं बसली. नवऱ्याची ही कॉलेजपासूनची हौस. तो गाडीभोवती तीनदा फिरून आला. आता ताईंना घेऊन दातिवऱ्याला समुद्रावर जायचं होतं.

“मागं कोन बसनार हाय?” मिस्त्रींनी विचारलं.

ताई मागे बसल्या. गाडी दबली आणि टायर वरच्या पत्र्याला घासला. मी मापं रिकाम्या गाडीची घेतली होती.

“माझं वजन तुझ्या यादीत नव्हतं वाटतं?” ताई मला म्हणाल्या.

मिस्त्री म्हणाले, “पत्र्याची आतली कड वळवाया लागंल. आज नाय होनार.”

नवऱ्याने चाकांकडे पाहिलं. “जुनीच लावा परत.”

“अरे, मी थांबते घरी.”

“गप बस, ताई. समुद्र तुला दाखवायचाय, चाकांना नाही.”

रुंद चाकं सध्या सोफ्यामागे आहेत. यादीत एकच काम राहिलंय: कड वळवून घेणे, ताईंना मागे बसवून.